अर्धं डोकं माझं, अर्धं सुनेचं

तेलाबद्दल मला आता कोणी काही विचारू नये असं वाटतं, आणि विचारतात तर सगळ्या मलाच. कारण माझी वेणी. या वयातही ती कमरेपर्यंत येते. पांढरी झाली, पण बारीक नाही झाली. रुआबांध्याच्या विहारात मी वंदनेला मान खाली घालून बसले की मागच्या बाया वंदना सोडून माझी वेणी बघतात, हे मला ठाऊक आहे. एखादी तर हळूच हात लावून बघते, खरी आहे का म्हणून. मी मागे वळत नाही. बघू दे.

तर अशा बाईच्या घरात नातीचे केस गळायला लागले.

नात आठवीत होती. पावसाळ्यात तिला टायफॉईड झाला. बरीच वाळली, पण उठली, जेवायला लागली, शाळेत जायला लागली. आम्ही म्हटलं, सुटलो. आणि दिवाळी महिन्यावर आली असताना एका सकाळी सून न्हाणीतूनच ओरडली, "आई, जाळीवरचे केस काढत जा नं, पाणी तुंबून राहिलं."

मी गेले, वाकून पाहिलं. "माह्ये पांढरे हायेत, बाई. हे काळे हायेत."

मग तिने स्वतःच्या डोक्याला हात लावला. तिचे मेंदीने लालसर झालेले. जाळीवरचा पुंजका काळाभोर, लांबच लांब. आम्ही दोघींनी एकदम आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे नात दप्तर भरत होती आणि तोंडाने काहीतरी गुणगुणत होती. त्यानंतर कितीतरी दिवस मी तिला गुणगुणताना ऐकलं नाही.

पंधरवड्यात भांग रुंद झाला. कानांच्या वर कातडी दिसायला लागली. उशीवर केस, गणवेशावर केस, एकदा तर वरणाच्या वाटीत. पोट्टी काही बोलायची नाही. उचलून बाजूला ठेवायची आणि जेवायची.

डॉक्टरीण बाई चांगली होती. तिने केस हातात घेऊन हलके ओढून पाहिले आणि म्हणाली, तापाने मुळं हादरतात, ताप गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि मग आपोआप येतात. खायला नीट द्या. सुनेने विचारलं, तेल कोणतं लावू? तर म्हणाली, "लगाओ तो भी ठीक, मत लगाओ तो भी ठीक."

आता सांगा, हे काय बोलणं झालं? लावा म्हणाली असती तर लावलं असतं. लावू नका म्हणाली असती तर मनाला मुरड घातली असती. हे दोन्ही ठीक म्हणजे काय? ऑटोत बसल्यावर मी सुनेला विचारलं, "म्हणजे लावायचं का नाही?" ती म्हणाली, "मले वाटते लावा म्हणाली." मला वाटत होतं की ती नको म्हणाली. मधे बसलेली नात स्कार्फ बांधत म्हणाली, "दोघी चूप बसा ना." आमच्या इकडे पोरी उन्हासाठी, धुळीसाठी डोक्या-तोंडाला स्कार्फ गुंडाळतातच, त्यामुळे रस्त्यावर तिच्याकडे कोणी पाहायचं नाही. पण शाळेच्या फाटकात तो सोडावा लागायचा.

केस जाऊन येतात, हे मलाही कळतं. माझा जीव अडकला होता तो दुसऱ्याच गोष्टीत. ही पोट्टी पहिलीत होती तेव्हापासून दरवर्षी चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, विहाराच्या स्टेजवर भाषण करायची. पहिल्या वर्षी चार वाक्यं बोलली आणि माईक सोडेना. पुढे पुढे स्वतःच लिहायला लागली, हिंदीत, मधे मधे घरचं मराठी. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन मी भाजी बांधून आलेल्या कागदांवर केलं, लिहिणं त्याच्याही नंतर, आपलं आपणच. तेव्हा आपल्या घरची पोट्टी माईकपाशी उभी राहते, हे बघायला मी वर्षभर जगायचे म्हटलं तरी चालेल.

तर दिवाळीच्या सुट्टीत विहारातल्या एका बाईने तिला सहज विचारलं, "यंदा काय बोलशीन बेटा?" आणि ही म्हणाली, "यंदा मी नाही बोलणार." घरी येऊन मला कळलं की वर्गातही तिने मॅडमना सांगून शेवटचा बेंच मागून घेतला. मागे कोणी नसलं की मागून कोणाला टाळू दिसत नाही, म्हणून.

ती मागे बसायला शिकून राहिली होती. ते मला सहन होईना. मनात म्हटलं, जयंतीला अजून पाच महिने आहेत, तोवर हिच्या डोक्यावर केस आले पाहिजेत. डॉक्टरीण काही म्हणो.

माझं तेल म्हणजे माझ्या आईचं तेल. खोबऱ्याच्या तेलात माका, जास्वंदीची फुलं, गोडलिंबाची म्हणजे कढीपत्त्याची पानं, मूठभर मेथी, सुकलेला आवळा. लोखंडी कढईत मंद आचेवर ठेवायचं, पानं कुरकुरीत होईपर्यंत. तेलाची चुळबूळ थांबली म्हणजे पाणी गेलं, मग उतरवायचं. लग्न होऊन मी नागपूरकडून इकडे हिंदी मुलखात, चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत आले, आमचे ते यार्डात होते, तेव्हापासून हे तेल माझ्या क्वार्टरमधे दरवर्षी व्हायचं. शेजारणी बाटल्या घेऊन यायच्या. माका तर क्वार्टरच्या मागे सार्वजनिक नळाखाली रान माजल्यासारखा उगवायचा.

आता आम्ही वैशाली नगरात राहतो. इथे अंगणात फरशी, गल्लीत सिमेंट. माका उगवणार कुठे? म्हणून मी ऑटोने चरोद्याला गेले. नळ होता, गळतही होता. खाली हिरवंगार होतं. पण बघते तर तिथे दोन झाडं सारखीच दिसणारी. पानं सारखी, उंची सारखी, एकाला पांढरं बटणासारखं फूल, दुसऱ्याला फूलच नाही. इतकी वर्षं मी डोळे झाकून उपटत आले आणि आज मला ओळखू येईना! आईने सांगितलेली खूण होती: पान बोटांत चुरडायचं, रस काळा पडला की माका. चुरडलं. हिरवंच. थांबले. नळावर पाणी भरायला आलेली एक बाई बघत उभी राहिली, ही म्हातारी बोट धरून का उभी आहे म्हणून. बऱ्याच वेळाने बोट काळं झालं. पण ते माक्याने झालं की मी आधी कोणत्या झाडाला हात लावला होता त्याने, हे काही कळलं नाही. मी दोन्ही झाडं घेतली... आणि परत विचार केला, लेकराच्या डोक्याला लावायचं आहे, आणि फूल नसलेलं तिथेच टाकून आले.

तेल कढलं, गाळलं, काचेच्या बाटलीत भरलं. घरभर वास. दुपारी सून शाळेतून आली, ती एका शाळेत शिकवते. तिच्या हातात खोकं. खोक्यात कांद्याचं तेल, तयार, बाजारचं, बाटलीच्या तोंडाला कंगव्यासारखे दात. दाबलं की दातांतून तेल थेंब थेंब मुळाशी जातं.

"कांद्याचं?" मी म्हटलं. "डोक्याले का फोडणी द्यायची हाये?"

"आई, आजकाल सगळ्या हेच लावून राहिल्या. माझ्या स्टाफरूममधल्या मॅडमचे किती छान आले."

"तिले टायफॉईड झाला होता का?"

"तुमच्या आईले झाला होता का?"

मी कढई घासायला घेतली, जोरात. सून दाराशी उभी राहून म्हणाली, तुमचं तेल चिकट, मुळांत माती धरते. मी म्हटलं, तुझ्या बाटलीत काय काय घातलं ते तुला तरी वाचता येतं का, एवढ्या बारीक अक्षरात? तिने बाटली डोळ्याजवळ नेली. खरंच वाचता येईना. पण मी माझा चष्मा काही दिला नाही.

त्याच वेळी मुलगा ड्युटीवरून आला. तो प्लांटात आहे. बूट काढता काढता त्याने दोन्हीकडचं ऐकलं आणि हसत म्हणाला, "आमच्याकडे नवीन माल आला की आधी ट्रायल घेतात. पोरीच्या डोक्यात मधोमध भांग हाये नं? डावीकडे आईचं, उजवीकडे हिचं. ज्याचं पीक आलं तो जिंकला. चहा द्या."

तो गंमत करत होता. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. गंमत कोणालाच वाटली नाही.

नातीला विचारलं. म्हणाली, "काहीपण करा. बस, येऊ दे."

आणि मग ते सुरू झालं. दर रविवारी मी मागच्या दारात खुर्चीवर बसायचे, नात माझ्या पायांशी पाटावर. मी आधी भांग पाडायचे, अगदी नाकासमोर सरळ, शेताच्या धुऱ्याची, बांधाची रेघ असावी तसा. डावीकडे मी माझं तेल जिरवायचे. मग सून यायची, दुसरी खुर्ची उजवीकडे सरकवायची आणि तिची दातवाली बाटली फिरवायची. मधल्या दिवसांत रात्री झोपायच्या आधी जिने तिने आपलं अर्धं उरकायचं. कोणाचं बोट भांगाच्या पलीकडे गेलं की दुसरी लगेच, "तिकडून, तिकडून." नात मान खाली घालून फोनवर काहीतरी बघत राहायची. एकदा ती म्हणाली, "मी नं, दोन राज्यांची बॉर्डर हाये."

आता एक खरं सांगते. सुनेच्या लग्नाला पंधरा-सोळा वर्षं झाली होती, पण मी आणि सून अशा रोज समोरासमोर कधी बसलो नव्हतो. भांडायला का होईना, बसायला लागलो. ती शाळेतलं सांगायची, मी चरोद्याचं. एखाद्या रविवारी तेल लावून झालं तरी आम्ही तिथेच असायचो आणि पोट्टी मधेच अडकलेली, "मी जाऊ का?" म्हणत.

गळणं थोडं कमी झालं. मग एका रविवारी मला डाव्या कानाच्या वर बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. चष्मा लावून पाहिलं. बारीक बारीक, काळे, उभे. मी उजवीकडे पाहिलं. तिकडे गुळगुळीत.

मी सुनेला हाक मारली, "सूनबाई, जरा इकडं ये. डोळ्यांनी दिसते नं तुले?"

तिने पाहिलं. तिचं तोंड एवढंसं झालं. "उजवीकडेपण येतीन," ती म्हणाली.

"येतीन नं. कावून नाही येणार?" मी म्हणाले, आणि त्या दिवशी माझ्या अंगात जे वारं शिरलं ते काही विचारू नका. विहारात सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, चरोद्याच्या जुन्या शेजारणीला फोन करून सांगितलं. माका तो माकाच, म्हटलं. सुनेने मात्र आठवड्याभरात नवीन बाटली मागवली.

मग थंडी पडली. आमच्याकडे पहाटे बरीच पडते. त्या सकाळी मी चहा ठेवला आणि सवयीने तेलाची बाटली उन्हात ठेवायला घेतली. खोबऱ्याचं तेल थंडीत गोठतं, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. दगडासारखं घट्ट होतं, मग बाटली भिंतीवर उन्हात ठेवून वितळवावी लागते. पण माझी बाटली हातात हलली. आत तेल डुचमळत होतं. वरून पातळ, खाली आंबिलीसारखं सैल.

मी बाटली उजेडात धरली. मग काय मनात आलं कोणास ठाऊक, सुनेची दातवाली बाटली उचलली. मागच्या वर्षीपासून तिच्या मैत्रिणी हे तेल वापरतात आणि म्हणतात की हे गोठत नाही, हीच तर त्याची तारीफ. त्या बाटलीच्या तळाशी पांढऱ्या गुठळ्या बसलेल्या. हलवलं तर गुठळ्या खालीवर.

दोन्ही बाटल्या दोन हातांत घेऊन मी ओट्यापाशी उभी. चहा उतू गेला.

सून धावत आली. तिने गॅस बंद केला, माझ्या हातातल्या बाटल्या पाहिल्या आणि तिच्या डोक्यात जे यायचं तेच आलं. "आई, तुमी माझ्या बाटलीत तुमचं तेल टाकलं?"

तिचंही चुकलं नाही. आमच्या घरात डब्यावर लिहिलेल्या गोष्टीवर कोणी भरवसा ठेवत नाही. बिस्किटाच्या डब्यात तिखट, हिंगाच्या डबीत सुया, शरबताच्या बाटलीत फिनाईल. चरोद्याच्या क्वार्टरमधे तर एकही बाटली स्वतःच्या नावाने जगत नव्हती. रिकामी झाली की दुसरं भरलंच. ती सवय मीच या घरात आणली. पण तेल मी ओतलं नव्हतं.

"मी कायले टाकू?" मी म्हणाले. "माह्यं तेल का मले जड झालं? तूच टाकलं असशीन तुह्यं माह्या बाटलीत. डावीकडं केस आले नं, म्हणून!"

"म्हणजे मी चोरून..."

"मी कुठं चोरून म्हणाली?"

"मतलब तोच होते!"

एवढ्यात न्हाणीच्या दारात नात, डोक्याला टॉवेल. "मी केलं," ती म्हणाली. "मी मिसळलं. आता ओरडा."

ओरडायचं काय, आधी समजू तर दे.

"कावून?" सुनेने विचारलं.

"अरे मम्मी, इकडून कांदाभजे आणि तिकडून काढा! वर्गात पोरी म्हणायच्या, तुझ्या राईट साईडला बसू की लेफ्ट साईडला? एक साईडने भूख लागते, एक साईडने बीमार वाटते. मी दोन्ही बाटल्या थोड्या थोड्या एकमेकीत ओतल्या. मग दोन्हीकडे सेम वास. मग कोणी हसलं नाही."

"कधीपासून?" मी विचारलं.

"सुट्टीनंतर शाळा सुरू झाली, त्याच्या आठ दिवसांनी. मग परत तुम्ही नवीन केलं तेव्हा. मग मम्मीची नवीन बाटली आली तेव्हापण. आता आठवत नाही, आजी."

मी पाटावर बसले. म्हणजे डावीकडे जे केस आले होते ते कोणाच्या तेलाने आले? माझ्या की सुनेच्या की दोन्हीच्या? आणि दोन्हीकडे एकच तेल लागत होतं तर डावीकडेच आधी का आले? सून म्हणाली, तुमच्या हाताला जोर जास्त म्हणून असेल. मी म्हटलं, ती डाव्या कुशीवर झोपते म्हणून तर नसेल? मुलगा उठून आला, त्याने सगळं ऐकलं आणि तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "ट्रायल फेल," तो म्हणाला. मला हसू आलं नाही. खरं तर मला त्या दिवशी फार विचित्र वाटत राहिलं.

मी दुपारी एकटीच पडल्या पडल्या विचार करत होते. माझी वेणी आईच्या तेलाने आली, असं मी जन्मभर सांगत आले. पण माझ्या आईची वेणीही अशीच होती, आणि तिची आई तिला तेल बनवून द्यायला जिवंतच नव्हती. माझी धाकटी बहीण माझ्यासोबत त्याच बाटलीतलं तेल लावायची आणि तिची वेणी उंदराच्या शेपटीएवढी. हे मला ठाऊक होतं. नेहमीच ठाऊक होतं. पण दोन्ही गोष्टी मी कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. आणि चरोद्याच्या बाया? ज्यांचे केस आले त्या पेढे घेऊन आल्या. ज्यांचे नाही आले त्या कशाला सांगायला येतील? त्या नुसत्या बाटली परत ठेवून गेल्या असतील. मग डॉक्टरीण म्हणाली तेच खरं का, लावा तरी ठीक? पण मग आपल्या हाताने कढवलेलं, गाळलेलं, चोळलेलं ते सगळं काय होतं? मला काही कळेना. अजूनही नीट कळलेलं नाही. तुम्हाला कळलं असेल तर मला सांगा.

पुढच्या रविवारी मी खुर्चीवर बसावं की नाही, याच विचारात होते. तर नात स्वतःच पाट घेऊन आली आणि पायांशी बसली. मी भांग पाडायला गेले, तर म्हणाली, "आता कायले भांग? एकच तर तेल हाये." सूनही आली. तिने बाटली आणली, कोणती ते मी पाहिलं नाही. आम्ही दोघींनी मिळून पूर्ण डोक्याला लावलं. हात एकमेकींच्या हातांना लागत होते.

होळीपर्यंत नवे केस बोटभर झाले, उजवीकडेही. पण ते दिसायचे कसे? जुने जे उरले होते ते लांब, विरळ, पाठीवर दोऱ्यांसारखे. आणि त्यांच्या खालून हे नवे, दाट, उभे, कपाळाभोवती तर नुसते ताठ. आरशात बघून पोट्टी एके दिवशी म्हणाली, "मी कटवते."

"काय?" आम्ही दोघी एकदम.

"इथपर्यंत." तिने हनुवटीच्या वर कानापाशी हात लावला.

"वेडी का काय वं तू?" मी म्हणाले. "इतके महिने तेल लावलं ते कापायले?"

"मी नाही येणार पार्लरमधे," सून म्हणाली. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघी एका बाजूला होतो. समजावलं, रागावलो, मी तर रडायच्या बेतात आले. पोट्टी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आजी, जुने गेलेले केस मी अजून डोक्यावर घेऊन फिरून राहिली. ते जाऊ दे नं. नवे जेवढे हायेत तेवढेच दिसू दे."

आम्ही तिघी गेलो. कैचीचा आवाज होत होता तेव्हा सून बाहेर जाऊन उभी राहिली. मी खाली पडलेल्या लांब केसांकडे पाहत होते. एक बट उचलून पदरात बांधावी असं मनात आलं. नाही उचलली. उठली तेव्हा तिचं डोकं लहान झालं होतं, मान लांब झाली होती, आणि मला क्षणभर ती कोणाची पोरगी ते ओळखू आलं नाही. तिने डोकं हलवून पाहिलं. परत हलवलं. ऑटोत बसताना तिने स्कार्फ बांधला नाही. मी मुद्दाम काही बोलले नाही, बोलले तर बांधेल म्हणून.

जयंतीच्या चार दिवस आधी ती जेवताना म्हणाली, "पप्पा, भाषण पाहून देजा. हिंदी ठीक हाये का?" मुलाने घास तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. मी पटकन वरण वाढायला उठले.

त्या दिवशी सकाळी मी बाटली घेऊन तयार होते. पांढरा कुर्ता घालून ती आरशासमोर. "आज लावू का थोडं? बसतीन नीट."

"आज कोणाचंच नको, आजी."

बाटली मी परत फळीवर ठेवली.

विहारात गर्दी. माझे गुडघे दुखतात म्हणून मी मागे दारापाशी बसते, वारा येतो. सून पुढे होती. नातीचं नाव पुकारलं आणि ती चालत गेली. माईक तिच्यापेक्षा उंच होता, तो तिने स्वतःच खाली केला. काय बोलली ते मला विचारू नका. मी ऐकलंच नाही. स्टेजवरच्या पंख्याने तिचे कपाळावरचे केस हलत होते, आणि माझं सगळं लक्ष तिकडे.

माझ्या शेजारी एक बाई होती, कॉलनीतलीच. तिने माझ्या कानाशी तोंड आणलं. "मावशी, हिचे तं पूर्ण गेले होते नं? कोणतं तेल लावलं?"

"मले ठाऊक नाही, बाई," मी म्हणाले.

"असं कसं? तुमच्या घरी तं तेल बनते."

"बनते. पण बाजारचंही लावलं. दोन्ही मिसळलं. आणि डॉक्टरीण म्हणाली होती की न लावताही येतात. म्हणून म्हटलं, ठाऊक नाही."

ती सरळ बसली. "सांगायचं नसन तं राहू द्या, मावशी. माह्या पोरीचे गळून राहिले म्हणून विचारलं."

तिला वाटलं, मी नुस्खा लपवून राहिले. जन्मभर मी ज्याला त्याला हे तेल भरभरून वाटलं, तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला. आज खरं बोलले तर मी खोटी ठरले. मी तिचा हात धरला. "बाटली देते तुले. उद्या ये घरी. दोन्हीपण देते. पण कशानं येतीन ते मले नको विचारू." तिचा चेहरा काही सैल झाला नाही. येते की नाही कोणास ठाऊक.

तेवढ्यात टाळ्या वाजल्या. भाषण झालं होतं. मी दाराकडून उठायला लागले, नात नेहमीप्रमाणे आता माझ्याकडे येईल म्हणून सरकून जागाही केली. पण ती आली नाही. स्टेजवरून उतरली आणि पहिल्या रांगेतल्या पोरींनी हात केला तिथे जाऊन बसली. तिच्या मागे शंभर लोक बसले होते, त्यांना तिची टाळू दिसत होती, आणि तिने एकदाही हात लावून पाहिलं नाही.

मी मागून मान उंच करून बघत होते. काळं, दाट, लहानसं डोकं. डावीकडे माझं होतं, उजवीकडे सुनेचं, असं मी मनात म्हणत होते आणि मधली रेघ शोधत होते. पण भांगच नव्हता. सगळे केस जिकडे वाटेल तिकडे उभे होते.